साहेबाची सही

गोऱ्या साहेबानं पलंगपोस परत पाठवला आणि सोबत टाईप केलेली इंग्रजी चिठ्ठी. नरसय्या विणकरानं ती चिठ्ठी काचेच्या चौकटीत घालून दुकानात टांगली. सोलापुरात साहेबाची सही बघतात, वरचा मजकूर कोण वाचतो! गिऱ्हाईक घासाघीस न करता माल उचलू लागलं.

एके दिवशी धोतरजोडी घ्यायला हायस्कुलातले इंग्रजीचे चिंतामणी मास्तर आले. चौकट वाचून एका ओळीवर बोट ठेवत खो खो हसायला लागले.

"अरे, यात 'नॉट अप टू द मार्क' लिहिलंय! म्हणजे माल अपेक्षेला उतरला नाही. पोरांकडून रोज वाक्यात उपयोग करून घेतो मी याचा. लोकांना फसवतोस? उतरव ती चौकट!"

नरसय्यानं चौकट उतरवली. त्या ओळीवरून हळूच बोट फिरवलं.

"मला वाचता येत न्हाय, मास्तर. पर एकदा बघितलेली नक्षी विणकर इसरत न्हाय."

मास्तर अजून हसतच होते.



"परवा लुगडं द्यायला आलतो, तवा तुमच्या ओसरीवर टांगलेल्या, साळा तपासणाऱ्या इन्स्पेक्टर साहेबाच्या पत्रात हीच नक्षी हुती की."