येऊ दे, येऊ दे

बायको वारल्यावर त्याने तिची गाडी विकायला काढली. गाडीवेडे मित्र म्हणाले, "आधी पोचे काढून घे, मग बघ कशी हातोहात जाते." त्याने ऐकलं नाही. गिऱ्हाइकं नाक मुरडून परत जात राहिली.

आज एक कॉलेजची पोरगी आली.

"काका, हा पोचा कसला?"

"आमच्या फाटकाचा."

"आणि हा?"

"शेजाऱ्यांच्या फाटकाचा."

"हा एवढा मोठा?"

"तेव्हा मी मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतो."

पोरगी हसली. चालवून बघते म्हणाली, रिव्हर्स टाकला आणि थेट खांबावर गेली. रडवेली होऊन खाली उतरली.

बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याने कुणावर तरी मनसोक्त तोंडसुख घेतलं, आणि गाडी तिलाच दिली.