अडणारं दार

"परत," बाबा म्हणाले.

लेकीनं हातातला कागद मांडीवर ठेवला. या घरात त्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे. बाबा जन्मभर ग्रंथपाल होते. त्यांचे डोळे गेल्यावर आई रोज संध्याकाळी त्यांना कादंबरी वाचून दाखवायची, आणि दोघांचा नियम एकच होता. पहिल्या पानावर माणूस दिसलं नाही, की पुस्तक परत. भल्याभल्यांची पुस्तकं त्या एका शब्दासरशी पिशवीत जाऊन पडलेली लेकीनं पाहिली होती. आज कादंबरी तिची स्वतःची होती, पहिलीच, आणि उद्या छापायला जायची होती. आई गेल्यापासून बाबांनी एकही पुस्तक ऐकलं नव्हतं. रेडिओ पुरे, म्हणायचे. आज केवळ तिच्या हट्टापायी तयार झाले होते.

"बाबा, निदान पान तरी पुरं होऊ द्या."

"वाच बरं ते वाक्य पुन्हा, लेखिकाबाई."

तिनं वाचलं. 'संध्याकाळ सोनेरी शाल पांघरून उंबऱ्यात उभी होती, आणि तिच्यामागून ती आली, चेहऱ्यावर अथांग शांती घेऊन.'

"शाल संध्याकाळनं घेतली. मग ही बाई काकडत असेल," बाबा म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या आईच्या चेहऱ्यावर शांती कधी पाहिलीस तू?"

ही आई आहे, असं तिनं त्यांना सांगितलं नव्हतं.

वाक्य तिला दवाखान्यात सुचलं होतं, आईच्या खाटेशेजारी बसून. तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं. त्या शालीखाली आईचा दुखरा चेहरा नीट झाकला जात होता. तिनं पेन्सिल घेतली आणि ओळ खोडली. त्याजागी लिहिलं, 'ती हळुवार पावलांनी खोलीत आली,' आणि वाचून दाखवलं.

बाबांनी मान हलवली. ही कुणी पाहुणी दिसते, म्हणाले, चुकून आपल्याकडे शिरली असेल, चहापाणी करून वाटेला लाव. मग त्यांनी कॉटवर पाय लांब पसरले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. उशाचा रेडिओ चाचपायला त्यांचा हात निघाला.

लेक दाराकडे बघत राहिली. साधं लाकडी दार. फुगून फुगून ते वर्षानुवर्षं खाली घासायचं. आईला चाकाच्या खुर्चीतून न्यायची वेळ आली, तेव्हा सुताराला बोलावून ते खालून रंधा मारून घेतलं. आता बोट लावलं तरी उघडतं, कसलाही आवाज न करता. फरशीवर मात्र कमानीसारखा ओरखडा अजून होता.

"थांबा," ती म्हणाली. "रेडिओ लावू नका."

ती लिहू लागली. 'दार उघडलं' असं लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण ते नुसतं कधी उघडतच नसे. 'कप किणकिणले' लिहिलं, तेही खोडलं. आईचे कप किणकिणणाऱ्यांतले नव्हते. एकाचा कान तुटलेला होता आणि तो ती स्वतःसाठी ठेवायची. पेन्सिलीची खरखर बाबा ऐकत होते. या वेळी त्यांनी घाई केली नाही.

तिनं घसा साफ केला.

"'आधी दार अडलं.'"

रेडिओवरचा हात तिथंच राहिला.

"'मग बाहेरून कमरेचा धक्का बसला, आणि दार फरशी खरवडत आत आलं. दोन्ही हातांत कपबशा, काखेत पुस्तक. चहा हिंदकळून बशीत सांडला. एकदा बघतेच या दाराकडे, असं दारालाच बजावत, चपला फरफटत ती कॉटपाशी आली.'"

बाबा 'परत' म्हणाले नाहीत, की छान म्हणाले नाहीत. भिंतीकडे वळवलेलं तोंड त्यांनी हळूहळू दाराकडे आणलं. मग, रोज संध्याकाळी करायचे तसे, त्यांनी दोन्ही पाय जवळ ओढून घेतले. पायथ्याशी एका माणसाला बसण्यापुरती जागा झाली. चादरीची सुरकुतीही त्यांनी टाचेनं सारखी केली.

लेक तिथं बसली नाही. खुर्ची तेवढी पुढं ओढली आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.