रद्द केलेला पत्रा

सकाळी दहा वाजता न्यूयॉर्कच्या एका छापखान्यात हॅरिएट लिंडक्विस्टने तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरलेल्या स्वप्नचित्राचा कागदावर पंचविसावा, म्हणजे शेवटचा ठसा निघाला. तिने कोरलेल्या तरंगत्या घराच्या खिडकीत एक म्हातारी उभी होती. ती हॅरिएटने कोरलीच नव्हती.

बारा वर्षं छापखान्यातला कारागीर ओटोच तिचे ठसे काढत होता. तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"माझ्या पत्र्यावर सुई कुणी चालवली?"

"मला सरळ रेघ मारता येत नाही बाईसाहेब, अन् मी माणूस कोरीन?"

तिने भिंग लावलं. पत्र्यावरची खिडकी रिकामीच होती. तरी संशय जाईना.

"उद्यापासून येऊ नका, ओटो."

पुन्हा कुणी ठसे काढू नयेत म्हणून तिने रिवाजाप्रमाणे पत्र्यावर खोल चरा ओढला, नेमका खिडकीवरून. पत्रा रद्द झाल्याचा पुरावा म्हणून एक ठसा काढावा लागतो. या वेळी शाई तिने स्वतः लावली, छापयंत्राचं चाकही स्वतः फिरवलं. ओटो टोपी घेऊन दाराशी उभा होता.

तिने ओला कागद उचलला.

चरा आकाश, छपरं आणि खिडकी चिरत गेला होता. म्हातारी मात्र अखंड होती. चरा तिच्या पाठीमागून गेला होता.