कणकेतले हात

जिवाला घोर लागला, की मोहिनीच्या कोपरावरचं इसब खाजू लागायचं. आज लेकीला पाहायला वडनेरचे पाहुणे आलेले. पण मोहिनीनं पक्का बंदोबस्त केला होता. नखं मुळापर्यंत कापलेली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत. आता खाजू दे किती खाजायचं ते!

तिचा नवरा अंकुश बैठकीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. "खाजवू नको वं. पाहुण्यायले आयकू येऊन राह्यलं."

"पाहा ना जी, माये हात कणकेत हायेत," ती हसली.

खर्र खर्र थांबलं नाही. तिच्या कोपराकडे पाहत अंकुश एक पाऊल मागे सरला.

मोहिनीचे डोळे मात्र सुखानं मिटू लागले. नेमक्या जागी नख लागलं की मिटतात, तसे.