तातूचे राज्य

बायको सुगंधा गेल्याचा इस्पितळातून फोन आला, त्याच सकाळी दशावतार कंपनीच्या मालकांनी तातूला राजाचे काम दिले होते. जन्मभर तो दरबारात भालदार होता. आधीचा राजा मुंबईला नोकरीला गेला, म्हणून गादी रिकामी झाली एवढेच. राजा व्हायच्या गप्पा तो घरीही मारायचा. बायको म्हणायची, “राजा होशात तेवा होवा, आदी दोरयेवरचे कपडे काढा.”

दिवसकार्य उरकल्यावर वालावलच्या जत्रेत तातू राजा झाला. सख्ख्या भावाला कपटाने मारून तो सिंहासनावर, म्हणजे देवळातल्या बाकड्यावर, बसला. मिशी एका बाजूने सुटली होती, पण ऐट पुरी होती. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, सुचेल ते बोलायचे असते. राणीच्या वेषातल्या विनीतने विचारले, “महाराज, चारी दिशा जिंकलात. आता काय बरे राहिले?”

तातूने तलवार उगारली, तोंड उघडले आणि तसाच थांबला. पेटीवाल्यानेही सूर धरून ठेवला.

 

“तिना वाळत घातलेला लुगडा अजून दोरयेर आसा,” राजा म्हणाला. “ता काढूचा रवला.”