लाल ठिपका

सायकल स्टँडवर टांगलेली होती आणि मिस्त्री हाताने पेडल फिरवत होता. दुपारचं ऊन मागच्या चाकाच्या तारांमधून भिंतीवर पडलं होतं, त्यामुळे चाकाबरोबर भिंतही सावकाश फिरते आहे असं वाटत होतं. ग्रंथपाल स्टुलावर बसून त्या भिंतीकडे बघत होते. त्यांचा डोळा लागायच्या बेतात होता.

"काका, झोपू नका. गिअरचा डावा खटका दाबा."

ग्रंथपालांनी उठून अंगठ्याने खटका दाबला. पेडलपाशी तीन दातेरी चक्रं होती. साखळी मधल्या चक्रावरून जरा बाहेर सरकली, मोठ्या चक्राला घासून कुरकुरली आणि पुन्हा आपल्या जागी बसली.

"हेच ते," ग्रंथपाल म्हणाले. "बायकोची सायकल आहे. दर रविवारी आम्ही दोघं पुलापर्यंत जातो. उतार लागला की तिचा अंगठा आपोआप तिथे जातो, पण साखळी मोठ्या चक्रावर चढेल तर शपथ. तिला म्हटलं, दाखवून आणू. तर म्हणते, राहू दे हो, मला कुठे शर्यत जिंकायचीय! आणि हीच बाई पूर्वी मला टाकून उतारावरून जी सुटायची! मी पुलावर पोचेपर्यंत हिचं केळं खाऊन झालेलं असायचं."

"पूर्वी म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. माझ्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी हळू. आणि गंमत बघा, तेव्हापासून तिची सायकलही हळू."

मिस्त्रीने मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

उद्या रविवार होता. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, सहा वाजता सुटायची. त्याआधी सायकल दुरुस्त होऊन जिन्याखाली जशीच्या तशी उभी राहायला हवी होती. तिला कळायचं ते उतारावरच कळू दे, असं ग्रंथपालांनी मनात ठरवून टाकलं होतं. आयुष्यभर लोकांना गप्प बसायला सांगणाऱ्या माणसाला आज एक गुपित सापडलं होतं आणि ते त्यांच्या पोटात राहत नव्हतं.

मिस्त्रीने वायर ताणून पाहिली. वायर चांगली होती. साखळीला ढकलणारी पत्र्याची पट्टी वाकलेली नव्हती. तेल सोडलं, पेडल फिरवलं, खटका दाबला. साखळी पुन्हा कुरकुरून परत आली. मोठ्या चक्राचे दाते मात्र नव्यासारखे चकचकीत होते. मग तो खाली बसला आणि डोळे बारीक करून त्या पट्टीच्या डोक्यावरचे दोन छोटे स्क्रू बघू लागला.

"सायकलीत काही बिघाड नाही काका. पट्टीने किती बाहेर जायचं, ते हा स्क्रू ठरवतो. तो कुणीतरी आवळून ठेवलाय. आणि अडाण्याचं काम नाही हे. हात फार नाजूक आहे."

त्याने स्क्रूड्रायव्हर लावला. स्क्रूवर काहीतरी लाल चिकटलेलं होतं, त्याचा टवका उडाला. स्क्रू दोन फेरे सैल झाला. पेडल फिरलं, ग्रंथपालांनी खटका दाबला आणि साखळी खट्‌कन मोठ्या चक्रावर जाऊन बसली. मागचं चाक सुसाट फिरायला लागलं. भिंतीवरचं ऊन पाण्यासारखं थरथरलं.

"चढली!" मिस्त्री ओरडला.

ग्रंथपालांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते जमिनीवर वाकून तो लाल टवका बोटावर उचलत होते. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि काडी नाकाजवळ धरली. काडीच्या इवल्याशा स्क्रूवर तसाच लाल ठिपका होता. बसवलेला स्क्रू पुन्हा सुटू नये म्हणून बायको दुकानात प्रत्येक चष्म्याला नेलपॉलिशचा ठिपका लावायची. नखांना तिने ते कधी लावलं नव्हतं, पण पर्समध्ये लाल बाटली कायम असायची.

चाक फिरत होतं. ग्रंथपालांना आधी लाज वाटली. दोन वर्षं आपण आपल्याच पायांनी तिच्या बरोबरीने चाललोय, असं ते समजत होते. मग त्या लाजेच्या खालून प्रेम वर आलं.

"बाईंचा अंगठा ऐकत नसेल," मिस्त्री हळूच म्हणाला. "म्हणून स्क्रूलाच सांगून ठेवलं त्यांनी. परत आवळू का?"

ग्रंथपालांनी चष्मा घातला. त्यांच्या डोळ्यांपुढे उतार आला. दोन्ही बाजूंची झाडं, खालचा पूल, आणि शेजारून येणारी ती, हलकेच ब्रेक दाबत, त्यांच्याकडे बघून हसत.

"नको. मोकळाच राहू द्या. फक्त वर तसाच ठिपका लावून द्या. हुबेहूब."

मिस्त्रीने सायकलच्या फ्रेमला द्यायच्या रंगांच्या डब्यांतून लाल डबी शोधली, आगकाडीचं टोक बुडवलं आणि श्वास रोखून ठिपका ठेवला. दोघांनी वाकून पाहिलं. ठिपका छान जमला होता.

"उद्या उतारावर अंगठा गेला की झालं. बाई सुटल्याच," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही एकटे मागे राहाल की हो काका."

ग्रंथपाल फिरत्या चाकाकडे बघत होते. त्यांनी हात लावून ते थांबवलं नाही.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले, "तिला पाठमोरी पाहिली नाही."