मधली रेघ

किहीमच्या शाळेत जुन्या कबड्डीपटूंचे गुडघे तपासायला संशोधक मुलगी आली होती. विनिताचा गुडघा जिल्ह्याच्या फायनलला निखळला, त्याला अकरा वर्षं झाली. “ताई, किती वाकतो?” मुलीने विचारलं. “वाकतच न्हाय. भाताच्या लावणीला न्हाय, देवापुढं बसायलाबी न्हाय.” मुलीने लिहून घेतलं आणि चालण्याच्या चाचणीसाठी फरशीवर खडूने आडवी रेघ ओढली. “ही ओलांडून भिंतीपर्यंत जा.” विनिता रेघेपाशी येऊन थबकली. त्या फायनलनंतर तिच्यापुढे अशी रेघ आली नव्हती. चढाईला निघताना मधल्या रेघेची माती कपाळी लावल्याशिवाय ती कधी पलीकडे गेली नव्हती. हात आपसूक खाली गेला, मागोमाग गुडघा करकरत फरशीला टेकला. कपाळाला खडू लागला, छातीत श्वास भरला. समोर नुसती भिंत होती. मुलगी आधीचं उत्तर खोडू लागली. “ऱ्हाऊ दे, बाय,” विनिता म्हणाली, “चढाईपुरताच वाकतो.”